दवाखाना म्हणजे माहेर नव्हे

बायका दवाखान्यातून लवकर घरी जायला तयार नसतात, ही तक्रार आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. कधी नर्सबाई सांगतात, कधी डॉक्टर, कधी त्या बाईचा नवराच. सांगताना सगळे हसतात. टाके सुकले, ताप उतरला, तरी म्हणते, "दोन दिस अजून राहू द्या ना सायेब, जिवाले बरं वाटते इथं." मग कोणी तरी म्हणतं, फुकटाचा पलंग गोड लागला बाईला.

मला या हसण्याचा राग येतो. ज्या बाईला सुईच्या टोचण्या, फिनाईलचा वास आणि शेजारच्या खाटेवरचं कण्हणं घरापेक्षा बरं वाटतं, तिच्या घरी काय चाललं असेल, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही.

आणि हसणाऱ्यांपेक्षा जास्त राग मला आमच्याच बायकांचा येतो. "आजारपण म्हणजे देवानं दिलेली सुट्टी गं," असं महिला मंडळात कोणी बोललं की सगळ्या माना डोलावतात. मोबाईलवर त्याचे विनोद फिरतात. पित्ताशयातल्या खड्यांसाठी मीही नागपूरच्या एका दवाखान्यात सहा दिवस पडून होते, तेव्हा हे काय असतं ते मला माहीत आहे. पहाटे पाचला सवयीनं जाग आली आणि उठायचं कारणच नव्हतं. चहा कोणी तरी हातात आणून दिला. रिकामा कप कोणी उचलला, तेसुद्धा कळलं नाही. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. पण हाताला सलाईन, पोटाला नळी, आणि तरी बरं वाटतंय? शुद्धीत असलेल्या माणसानं या गोष्टीची लाज धरायला हवी, आणि ती लाज त्या बाईची नाही, तिच्या घराची आहे.

आकडे सांगते, कारण "तुम्ही बायका वाढवून सांगता" हे उत्तर तयारच असतं. सरकारनंच २०१९ साली देशभर घरोघरी जाऊन, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची पाहणी केली. सहा वर्षांच्या पोरीपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिच्यात धरले होते. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. पुरुषांचा ९७. त्यातही या कामांना हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम २६, आणि बायका ८१. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. वर्षाचे झाले अठराशे तास. आठ तासांची पाळी धरली तर सव्वादोनशेच्या वर पाळ्या. शेतावरची मजुरी, संत्र्याच्या बागेतली तोडणी, दुकानात बसणं, शाळेत शिकवणं, हे सगळं त्याच्या वर.

या सव्वादोनशे पाळ्यांत सुट्टी किती? आमच्याकडे बोरगावच्या कारखान्यात जाणाऱ्या माणसाला आठवड्याची सुट्टी कायद्यानं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ती लिहिली गेली, आणि वर दर वीस दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा. ही रविवारची सुट्टी आकाशातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १८९० मध्ये ती मिळाली. आता घरात काय होतं बघा. पुरुषाचा रविवार आला की बाईचा कामाचा दिवस वाढतो. रविवारी नाश्ता वेगळा, जेवण वेगळं, पाहुणे वेगळे. एकाची सुट्टी दुसरीच्या अंगावर येते.

बैलाचंच घ्या ना. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप लावून चोळतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, म्हणजे नाही. वर्षभर राबलेल्या जनावराला एक दिवस मोकळा मिळावा, हे आपल्या वाडवडलांना कळत होतं आणि मला त्याचं कौतुक आहे. पण त्या बैलाला खाऊ घालायची पुरणपोळी कोण करतं? डाळ शिजवून, पुरण वाटून, चुलीपुढं दुपारपर्यंत कोण उभं असतं? तिचे खांदे कोण शेकतं?

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर आमच्या गावाची ख्यातीच. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे पळसाचं झाड आणि झेंडा. दिवसभर गोटमार चालते. दरवर्षी माणसं शेकड्यांनी जखमी होतात, प्रशासन आधीपासूनच डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभ्या ठेवतं. कोणाचं डोकं फुटतं, कोणाचा डोळा जातो, जीवही गेलेले आहेत. डोक्याला पट्टी बांधून माणूस घरी येतो तेव्हा तो वीर असतो. शौकानं डोकं फोडून घेतलं म्हणून त्याला कोणी हसत नाही. पलंगावर पडला की हळदीचं दूध येतं. हसणं राखून ठेवलेलं असतं ते गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर दोन दिवस जास्त मागणाऱ्या बाईसाठी.

आपल्या समाजानं बाईला विसावा कधी दिलाच नाही, असंही नाही. दिला, पण नेहमी कुठल्या तरी सबबीखाली. महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायचं. म्हाताऱ्या बाया अजून सांगतात, तेवढाच आराम व्हायचा वं. म्हणजे विटाळशी ठरलीस तर बस, नाहीतर ऊठ. माहेर होतं, नागपंचमीला, दिवाळीला भाऊ न्यायला यायचा. आता भावाची दुकान-नोकरी, भावजयीची मनःस्थिती, पोरांच्या परीक्षा; माहेरचे पंधरा दिवस आता दोन झाले, आणि त्या दोनातही भावजयीच्या हाताखाली पोळ्या लाटाव्याच लागतात. आमच्या जैन घरांत सामायिक आहे, अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावर स्थिर बसायचं. मोठ्या बाया सुचवतात, सामायिक कर, तेवढीच बसशील. मला हे ऐकून वाईट वाटतं. समभावात बसायचं ते व्रत, कंबर टेकायची सोय म्हणून वापरायची? आणि तिथंही कान कुकरच्या शिट्टीकडेच. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची पानं वाढून व्हायची असतात ना.

विटाळ गेला, माहेर आटलं, उरला दवाखाना. महाराष्ट्राच्या आदिवासी जिल्ह्यांत सरकारनं गरोदर बायकांना बाळंतपणाच्या आधी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहता यावं म्हणून खोल्या बांधल्या, त्यांना नाव दिलं माहेरघर. योजना चांगली आहे, जंगलातल्या दूरच्या पाड्यावरून वेळेवर पोचता येत नाही म्हणून जाणारे जीव तिनं वाचावेत. पण त्या नावाकडे बघा. सरकारी कचेरीतल्या माणसालाही ठाऊक होतं, की बाईला काय म्हटलं म्हणजे ती घर सोडून येईल.

आता मंडळातल्या मैत्रिणींना विचारते. तुम्ही जिला देवानं दिलेली सुट्टी म्हणता, त्या सुट्टीत घरची भांडी देव घासायला येतो का? वॉर्डात जरा खाटांच्या बाजूला बघा. पुरुष रोगी असेल तर उशाशी बायको. बाई रोगी असेल तर उशाशी आई, बहीण, नाहीतर पोरगी. नवरा येतो, उभ्या उभ्या विचारतो, औषधं आणून देतो, जातो. तोवर घरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची शाळा बुडालेली असते. मी नागपूरला होते त्या सहा दिवसांत माझा चहा जी आणत होती ती पगारी बाई होती, आणि तिच्या घरचा चहा तिनं पहाटे चारला करून ठेवलेला असायचा, हे तिनंच मला सांगितलं. माझ्या घरचा स्वयंपाक धाकट्या जावेनं केला, स्वतःच्या घरचा सांभाळून. काम कुठं गेलं? कुठंच नाही. एकीच्या पाठीवरून दुसरीच्या पाठीवर गेलं.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती जिवाशी आहे. ज्या बाईला दवाखान्यातून निघवत नाही, तीच बाई दवाखान्यात यायला महिनोन् महिने उशीर करते. पोटात दुखतं, ओवा खा. अंगावरून जातं, जाईल. सोंगणी होऊ दे, लेकीचं लगीन होऊ दे, संत्र्याचा बहार उतरू दे. घर सोडता येत नाही म्हणून ती आजार वाढवते, आणि आजार वाढतो तेव्हाच घर तिला सोडतं. साधी गोळी पुरली असती तिथं चिरफाड होते. अशा माणसाला सुट्टी मिळाली म्हणणं म्हणजे दिवाळं निघालेल्या दुकानदाराला, बरं झालं, आता हिशेब लिहायची कटकट नाही, असं म्हणणं.

बीडच्या ऊसतोड बायकांचं तर याच्याही पुढं गेलं. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. पाळीचा त्रास म्हणजे खाडा. म्हणून गर्भाशयच काढून टाकायचं. २०१९ साली महाराष्ट्राच्या विधान परिषदेत सांगितलं गेलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. चौकशीला समिती नेमली गेली. सगळ्याच शस्त्रक्रिया खाड्यापायी झाल्या असं मी म्हणत नाही. पण कामावरून सुटायला आमच्याकडची बाई दवाखान्यात जाते, आणि कामावरून सुटू नये म्हणून बीडची बाई दवाखान्यात जाते. दोघींनाही पोट चिरून द्यावं लागतं.

आजारी न पडता सुट्टी घेता येते का? आइसलँडच्या बायकांनी घेतली. २४ ऑक्टोबर १९७५ ला त्या देशातल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास बायका ना नोकरीवर गेल्या, ना घरात स्वयंपाक केला, ना पोरं सांभाळली. संप म्हणायच्या ऐवजी त्यांनी त्याला सुट्टीच म्हटलं. बापांना पोरं घेऊन कामावर जावं लागलं. पुढच्या वर्षी तिथं स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला आणि १९८० मध्ये विगदिस फिनबोगादोत्तिर निवडणुकीनं राष्ट्राध्यक्ष झाल्या. "तो थंडीतला चिमुकला देश, इथं कसं जमणार?" असं म्हणाल. मी एवढं मोठं मागतही नाही. महिन्यातून एक दिवस. बैलाला वर्षातून एक मिळतो, मी महिन्यातून एक मागते, इतकाच फरक.

हे मी मंडळात मांडलं तेव्हा एका जाणत्या बाईनं विचारलं, मग त्या दिवशी जेवायचं काय? अहो, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा घर उपाशी होतं का? खिचडी झाली, डबा आला, कोणी तरी भात लावला. म्हणजे जमतं. पोटावर टाके असताना जमतं ते टाक्यांशिवाय का जमू नये?

तोवर, जिला दवाखान्यात जावंच लागलं तिच्यासाठी एक सांगते. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला, पण आमच्या बायकांची अडचण जुनीच आहे. घरात बोली मराठी, फॉर्म हिंदीत आणि डिस्चार्जचा कागद इंग्रजीत. त्या कागदावर खाली लिहिलेलं असतं, इतके आठवडे विश्रांती, जड वजन उचलू नये. ती ओळ बहुतेक बायकांना कोणी वाचून दाखवत नाही. तिसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेला गुंड कमरेवर असतो आणि महिन्याभरात हर्निया घेऊन ती परत त्याच वॉर्डात. तेव्हा सोबत गेलेल्या बाईनं, बहीण असो, जाऊ असो, निघायच्या आधी डॉक्टरांकडून ती ओळ मराठीत समजून घ्यावी, नवऱ्याला समोर उभं करून ऐकवावी, आणि तितके आठवडे पाणी कोण भरणार, पोळ्या कोण टाकणार, हे तिथंच बिलाच्या खिडकीपुढं ठरवून घ्यावं. उत्तरात पोरीचं नाव आलं तर ते नाव खोडायला लावावं आणि पुन्हा विचारावं.