किल्ली मिळाली, पण कुणाची?

ईमेल कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर बसवताना एक सेटिंग पुढ्यात येते: समोरच्याची सार्वजनिक किल्ली, म्हणजे जिने पत्र कुलूपबंद होते आणि फक्त त्याच्याकडच्या खासगी किल्लीने उघडते ती, कोणत्या सर्व्हरवर शोधायची? ग्नूपीजी या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये ते एका फाइलमधल्या एका ओळीचे काम आहे. बहुतेक लोक आधीच भरलेले नाव तसेच ठेवून पुढे जातात. शोध घेतला, किल्ली सापडली, पत्र कुलूपबंद झाले, की काम फत्ते! मात्र ते कुलूप नेमक्या कुणाच्या किल्लीने उघडेल, याची हमी या साऱ्या खटाटोपात कुणीच दिलेली नसते.

फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हे ग्नूपीजीचे पूर्वज सॉफ्टवेअर लोकांना मोफत दिले, तेव्हा अमेरिकी कायद्याच्या लेखी तगडे एन्क्रिप्शन शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडत होते. निर्यातीचा नियम मोडल्याच्या संशयावरून झिमरमन यांची चौकशी सुरू झाली, ती थेट 1996 मध्ये थांबली. सार्वजनिक किल्ल्या ठेवणारे की-सर्व्हर याच भयाच्या छायेत वाढले. उद्या एखाद्या सरकारने दडपण आणून कुणाची किल्ली काढायला किंवा बदलायला लावली तर? म्हणून या सर्व्हरांचे जाळे असे विणले गेले, की किल्ली घालता येते, काढता येत नाही. एका सर्व्हरवर पडलेली नोंद आपोआप सगळीकडे पसरते. चावडीवरचा असा फळा, की ज्यावर कोणीही कुणाच्याही नावाने लिहावे आणि तो पुसण्याचा अधिकार गावात कुणालाच नसावा.

सरकारी दडपणावर हा तोडगा चोख होता. खोडसाळांपुढे मात्र तो उघडा पडला. किल्लीवरचे नाव आणि ईमेल पत्ता तिच्या खऱ्या धन्याचा आहे का, हे ते सर्व्हर तपासतच नव्हते. किल्ली ओळखायला लोक तिचा आठ अक्षरी छोटा क्रमांक वापरत. तोच क्रमांक असलेली दुसरी किल्ली साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत बनवता येते, हे संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिले. दोन वर्षांनी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाच्या तोतया किल्ल्याही सर्व्हरवर आढळल्या. नाव तेच, छोटा क्रमांक तोच, किल्ली मात्र दुसऱ्याची.

जून 2019 मध्ये याहून मोठा घाव बसला. या किल्ल्यांवर ओळखीच्या माणसांनी सह्या करून एकमेकांची खात्री द्यावी, अशी मूळ कल्पना होती. सह्या किती असाव्यात याला मर्यादा नव्हती आणि सही करायला किल्लीच्या मालकाची परवानगीही लागत नव्हती. रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर हे दोघे पीजीपीच्या चळवळीतले जुने कार्यकर्ते. अज्ञात इसमाने त्यांच्या किल्ल्यांवर बनावट सह्यांचा इतका ढीग ओतला, की त्या किल्ल्या आयात करताच ग्नूपीजी गुदमरून ठप्प होऊ लागले. सह्या पुसायची सोयच नसल्याने त्या तिथेच राहिल्या. सरकारला रोखण्यासाठी बांधलेली भिंत बचाव करणाऱ्यांच्याच आड आली.

पुढच्याच महिन्यात ग्नूपीजीने सर्व्हरवरून येणाऱ्या परक्या सह्या मुळातच न स्वीकारण्याचे धोरण घेतले. कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा नवा सर्व्हर ईमेलने पडताळणी झाल्याशिवाय पत्ता शोधात दाखवत नाही आणि मालकाला आपला पत्ता काढूनही टाकू देतो. जुन्या जाळ्याचा मुख्य समूह जून 2021 मध्ये बंद पडला; नोंदी पुसण्याच्या युरोपीय कायद्याखालच्या मागण्यांना उत्तर देणे त्याला शक्य नव्हते. त्यानंतर मूळ ग्नूपीजीने आधीच भरलेले नाव म्हणून उबुंटू या लिनक्स प्रणालीचा सर्व्हर निवडला. तो चालतो बरा, पण पत्त्याची पडताळणी करत नाही. म्हणजे सेटिंगला हात न लावणारा माणूस आजही पडताळणीविना मिळालेल्या किल्लीवर विसंबू शकतो.

आपल्याकडे कंपनीची विवरणपत्रे किंवा ई-निविदा भरताना जी डिजिटल सही लागते, तिची रीत वेगळी आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली परवाना मिळालेली संस्था अर्जदाराची ओळख तपासते आणि मगच प्रमाणपत्र देते. चूक झाली तर जाब विचारायला कुणीतरी असते. पीजीपीच्या जगात असे कार्यालय नाही. ते नको होते म्हणून तर हा संसार मांडला गेला. त्या स्वातंत्र्याचे मोल मोठे आहे. परंतु कार्यालय हटवल्यावर त्याची जबाबदारी कुणाच्या तरी खांद्यावर पडणारच. ती निमूटपणे सामान्य वापरकर्त्याच्या खांद्यावर टाकायची आणि त्याला ते सांगायचेही नाही, ही लबाडी नसली तरी बेपर्वाई नक्कीच आहे.

म्हणून पहिली मागणी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे. पत्ता पडताळणारा सर्व्हर मुळातच भरून द्या. आणि 'किल्ली सापडली' म्हणजे 'किल्ली खरी' असा भास पडद्यावर होऊ देऊ नका. तज्ज्ञाला हवी ती मोकळीक सेटिंगमध्ये ठेवता येते, नवख्याला मात्र सुरक्षित वाट आयती मिळाली पाहिजे.

दुसरे सांगणे वापरणाऱ्यांना. सर्व्हरचे नाव लिहिताना जोडणी कूटबद्ध असलेलाच पर्याय निवडा. नाहीतर तुम्ही कुणाची किल्ली शोधता आहात, हे वाटेतल्या कुणालाही कळते. आपली किल्ली जुन्या धाटणीच्या सर्व्हरवर चढवण्याआधी विचार करा, कारण नाव आणि पत्ता तिथे कायमचा राहतो. किल्ली रद्द करण्याचे प्रमाणपत्र आधीच वेगळ्या जागी जपून ठेवा. खासगी किल्ली हरवली आणि हे प्रमाणपत्रही नसेल, तर लोक तुम्हाला न उघडणारी पत्रे पाठवत राहतील. आणि पत्र महत्त्वाचे असेल तर समोरच्याला फोन लावून किल्लीचा पूर्ण फिंगरप्रिंट, म्हणजे तिचा सहसा चाळीस अक्षरांचा पूर्ण ओळख-क्रमांक, ताडून पाहा. पत्ता पडताळणारा सर्व्हरसुद्धा फक्त एवढेच सांगतो, की त्या पत्त्यावरची टपाल कुणीतरी उघडली. तो माणूस तोच आहे, हे ओळखायचे काम कोणताही सर्व्हर करत नाही. ते आपणच करायचे आहे.