बोचक्याचं भाडं



ज्वारीची काढणी-मळणी उरकली असेल. घरात नवं धान्य आलं की पहिली आठवण होते ती बाहेरगावी असलेल्या लेकराची. पहिली भाकरी देवाला आणि दुसरी त्याला, असा आपल्याकडे रिवाजच आहे. लेकरू जवळ असलं तर ताटात वाढायचं, लांब असलं तर बोचक्यात बांधून पाठवायचं. आज अशाच एका बोचक्याची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट विमानाची आहे म्हणून पान उलटू नका. आता खेड्यापाड्यातल्या घरांतूनही कुणी ना कुणी विमानात बसतं, आणि आज नाही बसलं तरी उद्या बसणार आहे.

आमच्या आळीतले आण्णा आणि काकू. मुलगा बंगळुरात नोकरीला. सून बाळंत झाली, नातू झाला. मुलानं पुण्याहून विमानाची तिकिटं काढली आणि आण्णांच्या मोबाइलवर पाठवून दिली. म्हातारा-म्हातारीनं जन्मात विमान पाहिलं होतं ते अंगणातून मान वर करून. काकूंनी आठ दिवस तयारी केली. ज्वारी निवडून दळून आणली. मेतकूट, हळद, तिखट, सांडगे केले, डिंकाचे लाडू वळले. जुन्या लुगड्याची मऊ गोधडी शिवली. अशी दोन बोचकी झाली. पोचवायला मी बरोबर गेलो होतो.

विमानतळावर खिडकीशी गेलो. तिथली मुलगी गोड बोलणारी होती. ती म्हणाली, "आजोबा, या तिकिटात सामान नाही."

आण्णा म्हणाले, "सामान नाही कसं? हे काय समोर आहे!"

मग उलगडा झाला. मुलानं जरा स्वस्त पडतं म्हणून जे तिकीट काढलं होतं, ते फक्त हातातली लहान पिशवी घेऊन जाणाऱ्याचं होतं. काट्यावर दोन्ही बोचकी १७ किलो भरली. मुलीनं हिशोब करून आकडा सांगितला, तो एका माणसाच्या तिकिटापेक्षा जास्त होता. आण्णांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि तो तिथंच राहिला. काकू म्हणाल्या, "राहू द्या. पैसा काय झाडाला लागतो?" तिथंच खाली बसून त्यांनी बोचकं सोडलं. गोधडी आणि लाडू तेवढे हातातल्या पिशवीत बसवले. बाकीचं सगळं माझ्या हवाली केलं. तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण डोळ्यांना पदर लावला तो मी पाहिला.

त्या मुलीची चूक होती असं मी म्हणणार नाही. ती नेमल्या कामाला उभी होती. पण येताना एस.टी.त मांडीवर बोचकं घेऊन बसलो आणि विचार करू लागलो, की ही रीत आली कुठून? मग जे वाचलं, विचारलं, ते तुम्हांला सांगतो.

पूर्वी विमानाचं तिकीट म्हणजे माणूस अधिक त्याचं सामान, असा एकत्र हिशोब असे. ठरल्या वजनापर्यंत सामान फुकट, वर गेलं तर जास्तीचं भाडं. मग स्वस्त तिकिटांची चढाओढ लागली. युरोपात रायनएअर नावाच्या कंपनीनं २००६ साली पोटात टाकायच्या बॅगेला वेगळं भाडं लावलं. (पोटात म्हणजे विमानाच्या पोटात, जिथं मोठं सामान ठेवतात तिथं.) अमेरिकेत मोठ्या कंपन्या तेव्हा कचरत होत्या. पण २००८ साली तेल भडकलं. त्या वर्षीच्या जुलैत कच्च्या तेलाचं पिंप १४७ डॉलरांवर गेलं. विमानाला तेल म्हणजे बैलाला वैरण. वैरण महागली की गाडीवान भाडं वाढवणारच. पण तिकिटाचा भाव वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या कंपनीकडे जाईल, ही भीती. तेव्हा अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनं त्या वर्षीच्या जूनपासून पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले. त्या वेळच्या हिशोबानं सहाशे-साडेसहाशे रुपये झाले. लोक कुरकुरले. पण वर्ष सरायच्या आत बाकीच्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्याच वाटेनं गेल्या.

आता पुढची गंमत पाहा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेल कोसळून चाळीस डॉलरांच्या आत आलं. मग बॅगेचं भाडं उठलं का? नाही. उलट पुढच्या वर्षी वाढलं. २०२४ सालापर्यंत तिथल्या मोठ्या कंपन्यांत पहिल्या बॅगेचं भाडं ३५ ते ४० डॉलरांच्या घरात पोचलं होतं. २०२३ या एका वर्षात अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना नुसत्या बॅगांच्या भाड्यातून ७०० कोटी डॉलरांच्या वर रक्कम मिळाली. आपल्या रुपयांत पन्नास हजार कोटींहून जास्त! साउथवेस्ट नावाची एक मोठी कंपनी दोन बॅगा फुकट नेण्याबद्दल नावाजलेली होती. तीच तिची जाहिरात होती. तिनंही २८ मे २०२५ पासून काढलेल्या तिकिटांवर बहुतेक प्रवाशांच्या बॅगांना भाडं लावलं. दुष्काळात लागलेला कर सुकाळ आला तरी उठत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

त्यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत देशातल्या देशात उडणाऱ्या विमानाच्या तिकिटावर सरकार साडेसात टक्के कर घेतं. बॅगेच्या भाड्यावर तो कर नाही. म्हणजे तोच डॉलर तिकीट म्हणून घेतला तर त्यातला वाटा सरकारला, आणि बॅगेचा म्हणून घेतला तर सगळा कंपनीच्या गल्ल्यात. मग कंपनीनं कुठली वाट धरावी?

लोकही काही कमी नाहीत. पोटातल्या बॅगेला भाडं लागलं तसे ते सगळं हातातल्या बॅगेत कोंबू लागले. डोक्यावरचे कप्पे भरून वाहू लागले, चढायला-उतरायला वेळ लागू लागला. तेव्हा स्पिरिट नावाच्या कंपनीनं २०१० साली डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेलाही भाडं लावलं. पायाशी मावेल तेवढं फुकट!

आता आपल्या देशाचं सांगतो. आपल्याकडे देशांतल्या विमानांत साध्या वर्गाच्या नेहमीच्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी पोटात १५ किलो आणि हातात ७ किलो सामान नेता येतं. त्यावर गेलं की किलोला काही शे रुपये मोजावे लागतात. २०१६ साली विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं हुकूम काढला होता, की १५ ते २० किलोच्या दरम्यान किलोला शंभराच्या वर घ्यायचे नाहीत. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१७ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. पुढं फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच खात्यानं कंपन्यांना मुभा दिली, की जो सामान नेणार नाही त्याला तिकिटात सूट द्यावी. मात्र अट घातली, की असा माणूस ऐन वेळी सामान घेऊन आलाच तर किती पैसे पडतील, ते तिकीट काढतानाच ठळक दाखवलं पाहिजे आणि तिकिटावर छापलं पाहिजे. आण्णांच्या हातात आलं होतं ते हेच सुटीचं तिकीट. अट पाळली होती का? घरी आल्यावर मोबाइलवर पाहिलं. पाळली होती. बारीक इंग्रजी अक्षरांत, खालच्या अंगाला.

यावर कुणी म्हणेल, यात गैर ते काय? जो रिकाम्या हातानं जातो त्यानं दुसऱ्याच्या बोचक्याचं भाडं का भरावं? बरोबर आहे. एका दिवसासाठी कचेरीच्या कामाला जाणाऱ्या माणसाला दोनशे-चारशे रुपये वाचले तर त्याच्या दृष्टीनं न्यायच झाला. तिकिटं स्वस्त झाली म्हणूनच आण्णांसारखा माणूस विमानात बसला, हेही विसरून चालणार नाही. ओझं वाहायला तेल लागतं, हमाल लागतो. त्याचं मोल द्यायला आपण कधी नाही म्हणत नाही. एस.टी.त पोतं टाकलं तर लगेज तिकीट काढतोच की आपण.

दुखणं दुसरीकडेच आहे, आणि ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? बाजारात कांदा नेता तेव्हा पुकारलेला भाव एक असतो. संध्याकाळी हातात पट्टी पडते. त्यात हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन खाली उरतो तो आकडा वेगळा असतो. शहाणा शेतकरी घरी येऊन पुकारलेला भाव सांगत नाही, पट्टीवरचा खालचा आकडा सांगतो. विमानाचं तिकीट तसंच झालं आहे. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत दिसतो तो पुकारलेला भाव. त्यावर बोचक्याचं भाडं, पाहिजे त्या खुर्चीचं भाडं, खाण्याचं भाडं. दोन कंपन्यांचे पुकारलेले भाव समोरासमोर ठेवून स्वस्त-महाग ठरवणं, म्हणजे पट्टी न पाहता बाजार ठरवणं झालं.

आणि हा फटका बसतो कुणाला? वरचेवर विमानात फिरणाऱ्याला सगळ्या खाचाखोचा ठाऊक असतात. फटका बसतो तो जन्मात पहिल्यांदा निघालेल्याला. नेमकं त्याच्याच हातात बोचकं असतं.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनाही वाचून दाखवा, कारण तिकीट तेच काढतात.

पहिली गोष्ट. तिकीट काढणाऱ्याला आधी विचारा, "यात सामान किती किलो?" आणि त्यालाही आधी सांगा की आम्ही बोचकं आणणार आहोत. निम्मे घोटाळे न बोलल्यानं होतात. आईनं बोचकं बांधल्याचं पोराला ठाऊक नसतं आणि पोरानं स्वस्त तिकीट घेतल्याचं आईला.

दुसरी. सामान जास्त होणार असेल तर त्याचे पैसे आधीच, घरबसल्या मोबाइलवरून भरा. विमानतळाच्या खिडकीवर बहुधा जास्त मोजावे लागतात.

तिसरी. घरून निघायच्या आधी वजन करा. दुकानदाराकडे, दूध डेअरीत, पिठाच्या गिरणीत, कुठंही काटा असतो. परदेशी जात असाल तर तिकिटावर नीट पाहा. अमेरिकेकडे हिशोब बहुधा नगांवर असतो आणि एका नगाला २३ किलो. एकीत २६ आणि दुसरीत २० असं चालत नाही, दोन्ही २३ च्या आत पाहिजेत. आखाताकडच्या बऱ्याच विमानांत हिशोब एकूण किलोंवर असतो. आणि पैसे मोजले तरी एका बॅगेत ३२ किलोंच्या वर सहसा घेतच नाहीत, कारण ती उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा विचार असतो. हे मात्र मला आवडलं.

चौथी. भाडं भरूनही जे नेता येत नाही ते बांधूच नका. सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण ते तेलकट असतं आणि पेट घेऊ शकतं. लोणचं, तूप, तेल हातातल्या पिशवीत ठेवलंत तर तपासणीत काढून घेतील, ते पोटातल्या बॅगेत घट्ट बांधून द्या. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची, पोटात नाही. परदेशी जाताना आपल्या घरचं बियाणं कागदपत्रांवाचून नेऊ नका. तिथले शेतीखात्याचे लोक फार कडक असतात, आणि ते बरोबरही आहे. परक्या बियाण्याबरोबर कीड येते हे आपण जाणतो.

आणि भाडं भरून दिलेली बॅग उतरल्यावर मिळालीच नाही, तर विमानतळ सोडायच्या आधी कंपनीच्या माणसाकडे तक्रार नोंदवा आणि तिचा कागद हातात घ्या. अमेरिकेनं २०२४ साली नियमच केला, की देशातल्या प्रवासात बॅग १२ तासांत परत मिळाली नाही तर तिचं घेतलेलं भाडं परत द्यायचं. ओझं वेळेवर पोचवलं नाही तर भाडं कसलं, हा साधा बैलगाडीचा न्याय आहे.

राहिली गोष्ट आण्णा-काकूंच्या बोचक्याची. दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्याहून बंगळूरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत ते पार्सल म्हणून टाकलं. विमानतळावर मागितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्यात पोचलं. मुलाचा फोन आला. म्हणाला, "काका, माझीच चूक झाली. मी दोन तिकिटांचे मिळून आठशे रुपये वाचवले आणि आईला विमानतळावर जमिनीवर बसून बोचकं सोडायला लावलं."

मी म्हटलं, "बाबा, चूक तुझ्या एकट्याची नाही. पण परतीचं तिकीट काढशील तेव्हा सामानासकट काढ. तुझी आई रिकाम्या हातानं गेली असती, पण ती रिकाम्या हातानं येणार नाही. नातवाची झबली धुऊन, घडी करून, आळीत सगळ्यांना दाखवायला घेऊन येणार आहे."

त्यानं काढलं. पंधरा-पंधरा किलोंचं.

बरंय तर मंडळी, पुढच्या अंकात भेटू. राम राम!