एका वर्षाची सवलत, वीस वर्षांची पवनचक्की

20 जून 1979 रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेली पाणी तापवणारी 32 सौर पॅनेलं पत्रकारांना दाखवली. पिढीभरानंतर ही एक तर संग्रहालयातली वस्तू ठरतील, नाही तर एका मोठ्या कामाची सुरुवात, असं ते म्हणाले. 1986 मध्ये, अध्यक्ष रेगन यांच्या काळात, छपराच्या दुरुस्तीसाठी पॅनेलं उतरवली. ती पुन्हा चढली नाहीत.

हा किस्सा रेगन यांना खलनायक करून सांगितला जातो. मला त्याच रेगन यांची एक सही जास्त महत्त्वाची वाटते. मार्च 1987 मध्ये त्यांनी घरगुती उपकरणांच्या वीजवापराला मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. (आदल्या वर्षी हेच विधेयक त्यांनी अडवलं होतं.) राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांना उत्पादकच कंटाळले होते; देशभर एकच नियम त्यांनाही हवा होता. या कायद्यात एक खुंटी पक्की मारलेली आहे: एकदा लागू झालेलं मानक पुढे कडक करता येतं, सैल करता येत नाही. 1970 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी फ्रिज वर्षाला सुमारे 1,800 युनिट खायचा; 2001 च्या मानकानंतरचा फ्रिज आकाराने मोठा असूनही 500 च्या आसपास. दुकानात त्याच्या दारावर पिवळं लेबल असतं आणि त्यावर ठळक अक्षरांत वर्षाचा खर्च, डॉलरमध्ये. गिऱ्हाईक बर्फाचा कप्पा बघतं, रंग बघतं. वीज वाचवायचं काम कारखान्यातच उरकलेलं असतं.

वाऱ्याच्या नशिबी अशी खुंटी नव्हती. 1992 च्या कायद्याने पवनऊर्जेला उत्पादनावर करसवलत दिली, पण मुदतीची. 1999, 2001 आणि 2003 अशी तीनदा अमेरिकेच्या काँग्रेसने ती मुदत संपू दिली, मागाहून वाढवली. पवनचक्कीला जमीन, वाऱ्याची मोजणी, ग्रिडची जोडणी आणि कर्ज जमवता जमवता दोन-तीन वर्षं जातात. सवलत मात्र एक-दोन वर्षांची. 2012 च्या अखेरीस मुदत पुन्हा संपणार होती; त्या साली अमेरिकेत घाईने सुमारे 13,000 मेगावॉट पवनऊर्जा उभी राहिली. 2013 मध्ये जेमतेम 1,100. वारा तोच होता. पाती आणि मनोरे बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार कपात झाली.

आपण हसायचं कारण नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरचे पंखे जलद घसाऱ्याच्या सवलतीवर उभे राहिले. एप्रिल 2012 मध्ये केंद्राने ती सवलत काढली, देशातली उभारणी निम्म्याच्या आसपास आली आणि 2014 मध्ये सवलत परत द्यावी लागली.

2022 च्या कायद्याने अमेरिकेतल्या या करसवलतींना पहिल्यांदाच दहा वर्षांच्या आसपासचं क्षितिज दिलं. ते तीन वर्षं टिकलं. 4 जुलै 2025 च्या कायद्यानुसार, सवलत हवी असेल तर पवन आणि सौर प्रकल्पांचं बांधकाम 4 जुलै 2026 पर्यंत सुरू व्हायला हवं; नाही तर 2027 च्या अखेरीपर्यंत वीज द्यायला लागायला हवी. घराच्या भिंतींना, छताला उष्णतारोधक थर देण्यावरची सवलत तर 31 डिसेंबर 2025 लाच संपली. सवलत कधी तरी संपलीच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण उतरण आधी सांगता येते. 2015 च्या अखेरीस काँग्रेसने पवनऊर्जेची सवलत टप्प्याटप्प्याने घटवायचं वेळापत्रक बांधून दिलं होतं. आताचा धोका वेळेचा आहे. जवळपास दोन दशकं स्थिर असलेली विजेची मागणी डेटा सेंटरमुळे वर चढते आहे आणि नवे गॅस टर्बाइन हवे तर काही वर्षं रांगेत थांबावं लागतं. लवकर उभं राहू शकणारं जे हाताशी आहे, त्याचाच पाया काढला जातो आहे. बिल शेवटी घरी येईल.

कार्टर यांची पॅनेलं पुढे मेन राज्यातल्या युनिटी कॉलेजने नेली आणि कॅफेटेरियाचं पाणी त्यांवर तापवलं. एक आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आणखी एक गेलं चीनमधल्या देझोऊ शहरात, तिथल्या एका सौर कंपनीच्या संग्रहालयात. सौर पॅनेल बनवण्याच्या जागतिक साखळीतला प्रत्येक टप्पा आज 80 टक्क्यांहून अधिक चीनच्या हातात आहे.