विरारचा आयुष आणि चेन्नईला उशिरा आलेली जाग

आपण वापीहून मुंबईला जातो तेव्हा वाटेत विरार लागतं. तिथल्या १७ वर्षांच्या आयुष म्हात्रेने ऑक्टोबर २०२४ मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा ठोकल्या. समोर महाराष्ट्राचा कर्णधार होता ऋतुराज गायकवाड, म्हणजे चेन्नई सुपर किंग्जचाही कर्णधार! तरी पुढच्याच महिन्यातल्या आयपीएल लिलावात चेन्नईने अश्विन, राहुल त्रिपाठी, विजय शंकर अशा तिशी ओलांडलेल्यांवर पैसे मोजले. आयुष ३० लाखांतही कुणाला नको होता.

एप्रिल २०२५ मध्ये ऋतुराजचं कोपर दुखावलं, तेव्हा त्याच्या जागी आयुष आला. वानखेडेवर पदार्पणात १५ चेंडूंत ३२, मग बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात. ती षटकं जपून खेळली की पुढच्यांवर बोजा पडतो. चेन्नईचं नेमकं तेच होत होतं. संघ तळालाच राहिला, पण दुखणं कुठे आहे ते कळलं.

२०२६ साठी मात्र जडेजा आणि सॅम करन देऊन संजू सॅमसन घेतला. आता सलामीवीर तीन! माझ्या मते ऋतुराजने तिसऱ्या क्रमांकावर यावं, पुणेकर रागावले तरी चालेल. खरी काळजी जडेजाच्या जागेची आहे. १४.२० कोटींना घेतलेला प्रशांत वीर डावखुरा फिरकीपटू आहे, फटकेही मारतो. पण २० वर्षांच्या पोराकडून पहिल्याच हंगामात जडेजाचं काम मागणं जरा जास्तच होतं.