अंगठा म्हणजे संमती नव्हे

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठच्या गावांच्या सुपीक जमिनी पाण्याखाली गेल्या. सरकारी कागदाची भाषा किती दुर्बोध असते, हे या धरणग्रस्तांना निराळे सांगावयास नको. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरात आज कर्करोग शिरला की तसाच कागद पुन्हा पुढे येतो. डॉक्टर मुलाशी बोलतात. आई बाहेर बाकावर बसून राहते. “आईला काही सांगू नका,” असे मुलगाच विनवतो. त्यामागे माया असते, हे खरे. परंतु शस्त्रक्रिया आईच्या देहावर व्हावयाची असते.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हाच प्रश्न निकालात काढला. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय केवळ तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके, पर्याय आणि नकाराचे परिणाम रुग्णास कळले, तरच ती खरी संमती होय.

अडाणी माणसाला हे काय समजणार, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात मिळते. बार्शीस १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत राहिले. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अधिक स्त्रिया लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. समजावून सांगणारा भेटला, की समजते.

यास आर्थिक बाजूही आहे. किरणोपचार कित्येक आठवडे चालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागला, तरी ऊसतोड मजुराची बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही. हा हिशेब आधी मांडला नाही, तर उपचार अर्ध्यावर सुटतात आणि दोष मात्र रुग्णाच्या अज्ञानाला दिला जातो.

डॉक्टरांसमोरील रांग मोठी आहे. केवळ त्यांना दोष देऊन भागणार नाही. सोप्या मराठीतील संमतिपत्र, ते वाचून समजावणारा समुपदेशक आणि उपचारकाळातील निर्वाहभत्ता, या मागण्या शासनापुढे ठामपणे मांडल्या पाहिजेत. तोवर कार्यकर्त्यांनी रुग्णासोबत दवाखान्यात जावे आणि आईला बाकावरून उठवून डॉक्टरांसमोर बसवावे.