सातबाऱ्यावर नाव नसलेले देव

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसराचा औद्योगिक इतिहास १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगण्याची प्रथा आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणच्या माळरानावर देशोदेशीच्या मोटारींचे कारखाने उभे राहिले. या प्रगतीचा अभिमान कोणालाही वाटावा असाच आहे. परंतु या कालक्रमात एका प्रकारच्या रहिवाशांची नोंद कोठेच सापडत नाही. आकुर्डी, भोसरी, चिखली, मोशी, निघोजे, महाळुंगे या गावांच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे रहिवासी म्हणजे बांधावरचा म्हसोबा, विहिरीच्या काठच्या साती आसरा, पिंपळाखालचा मुंजोबा, माळावरचा वेताळ आणि वेशीजवळचे वीरगळ. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा शेतकऱ्याला मोबदला मिळाला, विहिरीचे पैसे मिळाले, झाडांचेही मूल्यांकन झाले. शेंदूर लावलेल्या दगडाचे मूल्यांकन करण्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गावाच्या भैरवनाथाचा किंवा मारुतीचा प्रश्न तुलनेने सोपा असतो. त्याचे मंदिर असते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली त्याची नोंदणी होऊ शकते, कोठे कोठे देवस्थान इनामाची जमीनही असते. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधीला किंवा चाकणच्या चक्रेश्वराला कोणी अनोळखी म्हणणार नाही. खरा प्रश्न खाजगी जमिनीतील देवांचा आहे. शेत एका कुटुंबाच्या मालकीचे आणि त्या शेतातील म्हसोबा साऱ्या गावाचा, अशी ही व्यवस्था होती. मालक गावचाच असे, तोवर कागदाची गरज कोणाला भासली नाही. नारळ फोडायला येणाऱ्या माणसाला बांधावरून जाऊ द्यायचे, एवढे सांगण्यासाठी कोणी दस्त करत नसे.

आता मालक बदलला आहे. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून विकासकाकडे जाते. घेणारा माणूस सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, वकिलाकडून शोध अहवाल घेतो. त्यात देवाचा उल्लेख नसतो. मग कुंपणाची भिंत उठते, सुरक्षारक्षक उभा राहतो आणि वर्षातून एकदा निवद घेऊन येणाऱ्या म्हातारीला फाटकावर अडवले जाते. नव्या मालकाने कायद्याचा भंग केला, असे म्हणता येत नाही. रूढीने शेकडो वर्षे सांभाळलेला हक्क कागदावर आणण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते केले नाही. त्यामुळे हा दोष व्यक्तीचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

आंदोलनाच्या बळावर किती वाचणार?

मोठी श्रद्धास्थाने संकटात येतात तेव्हा समाज जागा होतो, हे खरे आहे. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर संत तुकाराम महाराजांनी साधना केली, ही वारकऱ्यांची दृढ श्रद्धा आहे. त्या डोंगराच्या पंचक्रोशीत, शिंदे-वासुली येथे, गायरान जमिनीवर डाऊ केमिकल या कंपनीचे संशोधन केंद्र येणार असे ठरले, तेव्हा २००८ मध्ये ग्रामस्थ आणि ह. भ. प. बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखालील वारकरी रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनाला जाळपोळीचे गालबोटही लागले. अखेर कंपनीने तेथून माघार घेतली. अलीकडचे उदाहरण मे २०२५ मधील आहे. पिंपरी-चिंचवडच्या प्रारूप विकास आराखड्यात मोशी येथे, आळंदीच्या सीमेलगत, कत्तलखान्याचे आरक्षण दर्शविले गेले. वारकरी संप्रदायातून तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि जूनमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ते आरक्षण रद्द करण्याची घोषणा आळंदीत करावी लागली.

या दोन्ही प्रसंगी विजय झाला, असे आपण म्हणतो. पण ज्ञानोबारायांची समाधी कोठे आहे हे आराखडा आखणाऱ्याला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होतेच. मात्र त्याच्या नकाशात ते स्थान केवळ एक ठिपका होते. त्या ठिपक्याभोवती काय असावे आणि काय असू नये, याचा कोणताही नियम त्याच्यापुढे नव्हता. ज्याच्यामागे लाखोंची वारी आहे त्याचे रक्षण आंदोलनाने होईल. ज्याच्यामागे एका वाडीतील चाळीस घरे आहेत, त्या म्हसोबासाठी कोणती दिंडी निघणार? आंदोलन हा अखेरचा उपाय आहे. तो पहिला आणि एकमेव उपाय झाला, तर लहान देव हरणार हे ठरलेलेच आहे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. विकास आराखड्यात कोणत्या बाबी असाव्यात हे त्याच्या २२ व्या कलमात सांगितले आहे. ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय आणि वैज्ञानिक महत्त्वाच्या स्थळांचे जतन त्यात आहे, वारसा वास्तू आणि वारसा परिसरही आहेत. समाजाने पवित्र मानले म्हणून एखादे स्थळ जपावे, अशी स्वतंत्र तरतूद मात्र नाही. म्हणून शिल्पकाम असलेले मंदिर वारसा यादीत येऊ शकते आणि अनघड तांदळा बाहेर राहतो. त्यातून २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीच्या कक्षेतून औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे वगळलेली आहेत. तेथे महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण. म्हणजे चाकणमध्ये जेथे धोका सर्वाधिक, तेथेच स्थानिक नियोजनाचा हात सर्वांत आखूड.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. सार्वजनिक जागांवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिला आणि त्यानंतर राज्यभर याद्या तयार झाल्या. नियमित करायची, हलवायची आणि पाडायची, अशी वर्गवारी झाली. आदेशामागील हेतू योग्यच होता. रस्ता अडवून रातोरात उभ्या राहणाऱ्या बांधकामांना आळा बसलाच पाहिजे. तथापि आपल्या प्रशासनापाशी देवस्थानांची जी यादी आहे, ती अतिक्रमणांची आहे. रक्षण करण्याजोग्या स्थानांची यादी कोणाकडेच नाही. महापालिकेच्या जन्माआधी शतके बसलेला वेताळ आणि गतवर्षी कोणी फलकासह बसवलेली मूर्ती यांत भेद करायचा, तर तो कोणत्या आधारावर?

न्यूझीलंडचा अनुभव

हा प्रश्न एकट्या आपला नाही. न्यूझीलंडमधील माओरी समाज आपल्या पूर्वजांशी निगडित पवित्र स्थळांना ‘वाही तापू’ म्हणतो. त्यांतील असंख्य स्थळे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेलेल्या, आज खाजगी असलेल्या जमिनीत आहेत. त्या देशाने १९९१ मध्ये साधनसंपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला, तेव्हा पूर्वजांची भूमी, जलस्थाने आणि वाही तापू यांच्याशी असलेले माओरींचे नाते ही राष्ट्रीय महत्त्वाची बाब म्हणून त्याच्या ६ व्या कलमात नमूद केली. त्या आधारावर स्थानिक परिषदांनी आपल्या आराखड्यांत अशा स्थळांच्या याद्या जोडल्या. काही ठिकाणी तर एक मार्मिक युक्ती योजली गेली. जी स्थळे जाहीर होऊ नयेत अशी समाजाची इच्छा असते, त्यांची नेमकी जागा नकाशावर न दाखवता परिषदेच्या बंद नोंदीत ठेवली जाते. त्या परिसरात कोणी परवानगी मागितली की समाजाला विचारले जाते.

तेथील अपयशही अभ्यासण्यासारखे आहे. ऑकलंडच्या २०१३ च्या प्रस्तावित आराखड्यात अशी सुमारे ३,६०० स्थळे दाखविली होती. प्रत्यक्ष जागेवर त्यांची पुरेशी पडताळणी झालेली नव्हती. घरमालकांना किरकोळ कामासाठीही सांस्कृतिक परिणामांचा अहवाल मागितला जाऊ लागला, रोष वाढला आणि २०१६ मध्ये ती संपूर्ण यादी आराखड्यातून वगळली गेली. त्याच शहरात इहुमाताओ येथील खाजगी जमिनीवर गृहप्रकल्प येणार म्हणून माओरी वर्षानुवर्षे ठिय्या देऊन बसले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये शासनाला ती जमीन २ कोटी ९९ लाख न्यूझीलंड डॉलर देऊन विकत घ्यावी लागली. बोध स्पष्ट आहे. कच्ची यादी मालकाला शत्रू करते आणि यादीच नसेल तर उशिरा सुचलेल्या शहाणपणाची किंमत कोट्यवधींत मोजावी लागते.

आपल्याच दप्तरातील साधन

माओरींचा कायदा उचलून येथे आणण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६५ व्या कलमात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाची नोंद सांगितली आहे. शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवर गावाचे रूढीने चालत आलेले वहिवाटीचे, पाण्याचे, मासेमारीचे हक्क जिल्हाधिकाऱ्यांनी गावनिहाय शोधून नोंदवावेत, असा तिचा आशय आहे. म्हणजे खाजगी शेतातून देवापर्यंत जाणाऱ्या वाटेचा हक्क नोंदविण्याची सोय १९६६ पासून आपल्या कायद्यात आहे. ती वापरण्याचे स्मरण कोणाला झाले नाही, एवढेच.

नोंद कशी करावी याचे धडेही पुण्यातच उपलब्ध आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा पायी फिरून अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेले रान हेच अनेक ठिकाणी मूळ अरण्याचे अखेरचे अवशेष आहेत, हे त्यामुळे जगापुढे आले. दामोदर धर्मानंद कोसंबी तर मार्क्सवादी विचारवंत. त्यांचे निष्कर्ष आपल्याला मान्य होतील असे नाही. परंतु पुण्याच्या परिसरातील आया आणि म्हसोबा त्यांनी ज्या चिकाटीने धुंडाळले, ती आपण शिकावी अशी आहे. शेंदराचे दगड पुष्कळदा प्राचीन वाटांच्या संगमावर बसलेले आहेत, हे त्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. दगड हलविला की त्या वाटेची साक्षही पुसली जाते. माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारतींनी वेढलेल्या हिंजवडीतून म्हातोबाचे बगाड आजही वाकडला जाते, तेव्हा पावित्र्य केवळ एका बिंदूला नसून वाटेलाही असते, याचा प्रत्यय येतो. नियोजनाने तीही वाट नोंदवली पाहिजे.

आपले कर्तव्य

शासनाला दोष देण्यापूर्वी समाजानेही आपल्याकडे पाहावे. जमिनीला भाव आला तेव्हा देवाची वाट दस्तात लिहून ठेवण्याची अट घालणारे विक्रेते किती निघाले? देव वाचला तेथे त्याचे काय झाले? जुने वीरगळ पायात गाडून वर सिमेंटचा सभामंडप चढला, दगडी दीपमाळेला तैलरंग फासला गेला आणि देणगीदाराचे नाव देवाच्या नावाहून मोठ्या अक्षरात आले. झाड तोडून मुंजोबाला छप्पर देणे ही भक्ती नव्हे. वारसा बिल्डर नष्ट करतो तसा तो भाविकही करतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

आज संधी चालून आली आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा २०२१ चा प्रारूप आराखडा राज्य शासनाने २०२५ मध्ये रद्द केला. पुढचा आराखडा होईल तेव्हा त्याला गावनिहाय श्रद्धास्थानांचे परिशिष्ट असावे, अशी मागणी आतापासून झाली पाहिजे. नोंद ग्रामसभेत व्हावी, जागेवर जाऊन, मालकाच्या उपस्थितीत आणि जुन्या जाणत्यांच्या साक्षीने. स्थानाभोवतीची मोजकी जागा आणि तिथवरची वाट एवढेच बंधन असावे; साऱ्या गटावर बोजा येऊ नये. जेवढी जागा मालकाने सोडली तेवढ्याचा हस्तांतरणीय विकास हक्क त्याला मिळावा किंवा ती त्याच्या गृहप्रकल्पातील मोकळ्या जागेत धरली जावी. महामंडळाने भूखंड देतानाच करारात ही वाट नमूद करावी. नोंद झालेल्या स्थानी नवे बांधकामही करता येऊ नये. आणि नियम सर्वांना समान असावा. घोरावडेश्वराच्या डोंगरातील बौद्ध लेणी असोत, वेताळाचा माळ असो की अन्य पंथाचे पुरातन स्थान असो, प्राचीनता आणि गावाची अखंड वहिवाट हीच कसोटी असावी.

यांतील बहुतेक कामे शासनाच्या आदेशाविनाही सुरू होऊ शकतात. प्रत्येक गावात चार तरुण आणि दोन वृद्ध एकत्र बसले, तर एका महिन्यात गावच्या शिवारातील देवांची यादी, गट क्रमांकांसह आणि छायाचित्रांसह, तयार होईल. ग्रामसभेने ठराव करून ती तहसीलदारांकडे द्यावी आणि वाजिब-उल-अर्जमध्ये वहिवाट नोंदविण्याचा अर्ज करावा. ज्या वृद्धांना प्रत्येक दगडाचे नाव आणि वार ठाऊक आहे, ते फार काळ आपल्यात असणार नाहीत. त्यांच्याबरोबर ही माहिती गेली, की मग कोणताही कायदा ती परत आणू शकणार नाही. म्हणून आराखड्याची अधिसूचना निघण्याची वाट न पाहता येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आला पाहिजे.