बाजार कोणाचा?

नागपूरच्या जुन्या वस्त्यांची नावेच पाहावीत : इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ज्या वारी जेथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या वस्तीला चिकटले. ज्या शहराचे मोहल्लेच असे बाजारातून जन्मले, त्या शहरात उघड्यावर बसून विकणाऱ्या श्रमिकाला ‘अतिक्रमण’ म्हणून हुसकावले जावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

हा प्रश्न नागपूरकरांपुरता नाही. सुमारे शंभर किलोमीटरवरील वरोऱ्याशीही त्याचे जुने नाते आहे. वरोऱ्याच्या भूमीतील कोळशासाठी ब्रिटिश सरकारने वर्ध्याहून तेथवर रेल्वे नेली. कापसाची पेठ आणि कोळसा दोन्ही जवळ, म्हणून जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी नागपूर निवडले. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. नावातच सत्तेपुढचे लोटांगण! वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली. १९८६ मध्ये सरकारी महामंडळाच्या हाती गेलेली गिरणीही २००२ मध्ये मिटली. कामगारांच्या पिढ्यांनी जेथे घाम गाळला, त्या जागेवर आज ‘एम्प्रेस सिटी’ नावाचा मॉल उभा आहे. सम्राज्ञी कायम राहिली. कामगार तेवढा गेला.

गिरणीच्या जमिनीचे असे रूपांतर होते तेव्हा त्याला ‘विकास’ म्हणतात. कामावरून सुटलेल्या माणसाने सीताबर्डीच्या पदपथावर चादर पसरून गंजिफ्रॉक विकायला घेतले, की मात्र तो शहराचे विद्रूपीकरण करतो! भांडवलदाराच्या जमीनवापराला एक न्याय, आणि चार फूट जागेवर पोट भरणाऱ्याला दुसरा.

पादचाऱ्यांना चालायला जागा हवी, हा आक्षेप खोटा नाही. पण रस्ता खरोखर कोण अडवतो? दुतर्फा तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या मोटारी, आणि दुकानाबाहेर मालाचे ढीग मांडणारे पक्के दुकानदार. त्यांच्याकडे पथकाची नजर क्वचितच वळते. ठेला मात्र उचलला जातो, आणि त्यावरची केळी, संत्री दंड भरून सुटेपर्यंत सडतात. इतवारी-गांधीबागेत मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेला वरोऱ्याकडचा शेतकरी मोठ्या दुकानात पैसे मोजतो, पण बांगड्या, टिकल्या, पोराची चप्पल घेतो ती रस्त्यावरच. शहरातील मोलकरीण, रिक्षावाला, बांधकाम मजूर यांचा तर सगळा संसारच या ठेल्यांवर चालतो. ठेला उठला की स्वस्ताई उठते, आणि गरिबाची मजुरी न कापता कापली जाते.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली संसदेने कायदा केला. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणालाही हटवू नये. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा-बाजार मानावे, असे तो कायदा म्हणतो. हा वारसा मोजायला बुधवारी, शुक्रवारीहून दुसरा पुरावा कशाला हवा?

तोच कायदा वरोरा नगरपरिषदेलाही बांधतो. तेथील हातठेलेवाल्यांनी आणि भाजीवाल्या बायांनी पहिला अर्ज द्यावा तो समितीच्या निवडणुकीचा, आणि सर्वेक्षणाची यादी नगरपरिषदेच्या फलकावर लावून घ्यावी.